कोंड्याचा मांडा

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत वास दोनच.
एक फिनाईलचा, आणि बाराच्या सुमाराला
बाटल्यांची बुचं निघाली की शिळ्या लोण्याचा.
नव्या मुली नाक धरतात.
मी बावीस वर्षांत एवढं शिकले,
लोण्याचा वास आला म्हणजे आत कुणीतरी जेवलंय.

कुणीतरी म्हणजे ते.
मोठ्या आतड्याच्या काळोखात, हवेला वाळीत टाकून
राहिलेले अब्जावधी.
बिनभाड्याचे भाडेकरू, असं आमचे सर म्हणतात.
मला पटत नाही. भाडं ते रोज भरतात.
गवारीचा दोर, शेंगेचं साल, भाकरीतला कोंडा,
आपल्या पोटाने हात टेकले ते सगळं
आंबवून त्याची आम्लं करतात.
थोडं आम्ल आतड्याच्या भिंतीला, तिचं तेच जेवण,
थोडं यकृताला,
आणि रक्तातून वर एक निरोप:
पुरे, पान उचला.

कोंड्याचा मांडा करावा, आई म्हणायची,
आणि निजेला धोंडा घ्यावा.
धोंड्याचं मला ठाऊक नाही.
मांडा मी मोजलाय, लेबल लावून
शीतकपाटात ठेवलाय.

नमुना क्रमांक एक्केचाळीस.
हेमराज तांडेल, वय सेहेचाळीस,
वडाळ्याच्या पंपावर रात्रपाळीला
रिक्षांत सीएनजी भरतो.
तीन महिन्यांची साखर आठ पूर्णांक नऊ.
फॉर्मवर रात्रीचं जेवण: पाव.
पहाटेचा नाश्ता: वरीलप्रमाणे.
चार वाजता दुसरं काय उघडं असतं, ताई?

सरांनी समजावलं,
खालच्यांना फार उपाशी ठेवलं
तर ते घराचीच भिंत पोखरतात.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, बापाच्या होडीचं तसंच झालं.
वरून रंग नवा, आतून किडा.
पाण्यात घातली तेव्हा कळलं.

आठ आठवडे त्याला डबा गेला.
नाचणीची भाकरी, मोडाची मटकी, कुळथाचं पिठलं,
कच्च्या केळ्याची सालासकट भाजी.
पाचव्या दिवशी फोन:
ताई, पोटात पंपच बसवलात की हो.
रिक्षावाले म्हणतात, आज नळी तुलाच लावू.
मी आधी पोटभर हसले, मग सांगितलं
की फार दिवसांनी पंगत बसली आहे तिथे,
गोंधळ होणारच,
जरा कमी वाढा, पाणी जास्त प्या.

शेवटी आठ पूर्णांक दोन.
सरांनी तक्त्यात आकड्याच्या डोक्यावर तारा काढला,
तळाशी लिहिलं: लक्षणीय.
त्याने विचारलं, आणि डबा?
डबा निधी होता तोवर होता.
हे मी सेंट्रिफ्यूजकडे बघत सांगितलं.

फेब्रुवारीत, सगळं संपून पाच महिन्यांनी,
तो दारात. हातात पिशवी, पिशवीत कागद, कागदात डबी.
बायको नाचणी दळून आणते, म्हणाला,
मटकी होते तर होते.
चारचा पाव आहेच अजून, खोटं कशाला बोलू.
पण बघा ना जरा,
आहेत का अजून ते?

अशा प्रश्नाला नोंदवहीत रकाना नाही.
क्रमांक एक्केचाळीसची फाईल तर केव्हाच बांधून माळ्यावर.
मी कोऱ्या लेबलवर नुसतं हेमराज लिहिलं,
बाटलीत चिमूटभर कोंडा टाकला,
नव्या मुलीच्या वाढदिवसाचा उरलेला पिवळा फुगा
तोंडावर ओढून बसवला
आणि सदतीस अंशांवर ठेवून घरी गेले.

सकाळी दिवा लावायच्या आधीच वास आला.
फुगा उभा होता. अर्धाच,
एका बाजूला कललेला.